घुंगरू आणि मानसशास्त्र

बारावी झालेली लेक म्हणते, "आई, मला मानसशास्त्र घ्यायचंय, पण कथक सोडायचं नाही. पुढे माझ्या वयाच्या मुलामुलींना नाचातून धीर द्यायचाय." घरात लगेच प्रश्न येतो, "अगं, पण ही नोकरी कसली?" प्रश्न रास्त आहे. तरी मुलीचं बोलणं खुळेपणाचं नाही हं!

अमेरिकेतल्या मॅरियन चेस या नृत्यशिक्षिकेने हेरलं, की काहीजणी आपल्या वर्गाला नाच शिकण्यापेक्षा मन मोकळं करायलाच येतात. १९४२ साली त्या वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम करू लागल्या. रुग्ण बोलत नसला, तर त्याचीच हालचाल त्या आपल्या अंगाने त्याला परत देत. तोच संवाद! आपल्याकडे 'कोलकाता संवेद' ही संस्था २००४ पासून फसवून विकल्या गेलेल्या मुलींबरोबर नृत्यातून काम करते आहे.

मात्र नाचाचा क्लास म्हणजे उपचार नव्हे. क्लासात गुरू चुकलेला हात सुधारतात. इथे तो सुधारायचा नसतो, तसा का पडला ते समजून घ्यायचं असतं. शिस्तीत वाढलेल्या मुलीला हेच जड जातं. शिवाय समोरचं पोर जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलू लागलं, तर ताल-ठेका बाजूला ठेवून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचवावं लागतं. (सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक घरातही लिहून ठेवा.)

म्हणून आधी मानसशास्त्राची पदवी, सोबत रियाज. नृत्योपचाराचा अभ्यासक्रम निवडताना विचारा, प्रत्यक्ष काम किती तास आणि कुणाच्या देखरेखीखाली? नुसतं शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र देणार असतील, तर फी भरू नका.