न पुसलेली पाटी

फाइलमध्ये तीनच शब्द होते : 'दार बंद आहे'. मालक रूट, बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये मुद्दाम जुनं, ५.१० मालिकेतलं लिनक्स कर्नल चढवलं, साध्या युजरने लॉगिन केलं आणि पन्नासेक ओळींचा सी प्रोग्राम चालवला. फाइल पुन्हा वाचली तर 'दार उघड आहे'. 'उघडं' लिहायचं होतं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'बंद'चे नऊ, 'उघडं'चे बारा. अनुस्वार ठेवला असता तर पुढच्या 'आहे'चा घास गेला असता, म्हणून तो सोडून दिला.

मग रूट होऊन कर्नलला पेज कॅश रिकामा करायला सांगितलं आणि फाइल परत उघडली. दार बंद! डिस्कवरच्या मजकुराला धक्काच लागलेला नव्हता. बदल झाला होता तो मेमरीतल्या प्रतीत, आणि वाचणारा प्रत्येक जण ती प्रतच वाचत होता. पासवर्ड फाइलही सगळ्यांना वाचता येते, हे आठवलं की या खेळातली गंमत संपते.

या दोषाचं नाव 'डर्टी पाइप'. तो शोधायला कोणी निघालं नव्हतं. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत २०२१ साली तक्रार आली की सर्व्हरच्या नोंदींची जिझिप फाइल उघडताना चूक दाखवते. तिथल्या मॅक्स केलरमान यांनी ती दुरुस्त केली, विषय मिटला. काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. बिघाड दर वेळी शेवटच्या आठच बाइटांत, आणि तेही आठ ठरलेले. त्यातले पहिले दोन 'पी' आणि 'के', म्हणजे झिप फाइलची खूण. सगळ्यात जास्त मार महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलला. त्यांचा एक प्रोग्राम महिन्याच्या फायली जोडून ग्राहकाला एक झिप पाठवत असे. शेवटच्या दिवसाची फाइल संपली की तो झिपची अनुक्रमणिका लिहायला घेई, आणि तिची सुरुवात नेमकी त्याच आठ बाइटांनी होते. पण त्या प्रोग्रामला मूळ फाइलवर लिहायची परवानगीच नव्हती! आपल्या प्रोग्रामची चूक कर्नलच्या माथी मारायची हौस नवशिक्याला असते. केलरमान यांनी तो मोह बराच काळ टाळला, ही गोष्ट मला त्यांच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

दोष शेवटी कर्नलमध्येच निघाला, पाइपच्या कोडमध्ये. पाइप म्हणजे दोन प्रोग्राममधली नळी. कर्नलच्या आत ती एरवी सोळा खणांची फिरती मांडणी असते आणि प्रत्येक खण ४०९६ बाइटांच्या एका पानाकडे बोट दाखवतो. थोडंथोडं लिहिलं तर दर वेळी नवं पान न घेता त्याच पानावर पुढे लिहावं, म्हणून खणावर 'इथे जोडलं तरी चालेल' असा फ्लॅग लागतो. 'स्प्लाइस' नावाची सोय मात्र मजकुराची नक्कल करतच नाही. ती फाइलचं पेज कॅशमधलं पान थेट खणाला जोडून देते. हे पान परक्याचं, त्यावर जोडायला बंदी हवी.

इथे चूक झाली होती. खण नव्याने भरताना पान कोणतं, कुठून, किती हे सगळं लिहिलं जात होतं. फ्लॅग तेवढा पुसायचा राहिला होता. ही चूक २०१६च्या ४.९ आवृत्तीतली. तेव्हा त्या जागी घातक असा फ्लॅगच नव्हता, म्हणून ती निरुपद्रवी पडून राहिली. २०२०मध्ये ५.८साठी कोणीतरी पाइपचा कोड नीटनेटका केला आणि जोडण्याची परवानगी त्याच फ्लॅगमध्ये आणून ठेवली. आवराआवर करणाऱ्याची तरी काय चूक म्हणावी? केलरमान यांच्याकडे ४.१९वर बिघाड नव्हता, ५.१०वर होता. मधले सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार बदल निम्मे-निम्मे करत तपासले की सतराव्या पायरीला दोषी बदल हाती लागतो.

माझ्या प्रोग्रामने हाच न पुसलेला फ्लॅग वापरला. आधी पाइप काठोकाठ भरला, म्हणजे सगळ्या खणांवर फ्लॅग लागला. मग तो उपसून रिकामा केला. 'बंद'च्या आधीच्या मोकळ्या जागेचा एकच बाइट स्प्लाइस केला आणि पाइपमध्ये 'उघड' लिहिलं. खणावरच्या शिळ्या फ्लॅगवर विश्वास ठेवून कर्नलने ते नऊ बाइट फाइलच्या पानावर उतरवले. पान बदललं याची नोंद मात्र झाली नाही, म्हणून ते आपणहून डिस्कवर गेलं नाही. त्याच पानावर पुढे कोणी रीतसर काही लिहिलं, तर मात्र हा खोटा मजकूरही सोबत जातो.

पॅच दोन ओळींचा आहे. दोन फंक्शनमध्ये तीच ओळ : बफरचा फ्लॅग शून्य. २० फेब्रुवारी २०२२ रोजी तो कर्नलच्या सुरक्षा गटाकडे गेला, २३ला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या दुरुस्त आवृत्त्या आल्या आणि ७ मार्चला तपशील जाहीर झाला.

त्या दोन ओळी मी हातानेच घातल्या, कर्नल बांधलं. मशीन नव्या कर्नलवर सुरू करून पुन्हा साध्या युजरने तोच प्रोग्राम चालवला. 'काम झालं' असा संदेश आला आणि पोटात धस्स झालं. मग लक्षात आलं, पाइपमध्ये लिहिणं आताही यशस्वीच होतं, फक्त मजकूर नव्या पानावर जातो. आणि तो संदेश छापायचं तर मीच सांगून ठेवलं होतं. फाइल उघडली. दार बंद आहे.