पुन्हा प्रवेश परीक्षा देण्यापूर्वी...

बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल हाती आला, की शिर्डी-राहाता परिसरातील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मिळेल त्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी? कोपरगावचे संजीवनी, लोणीचे प्रवरा ग्रामीण व संगमनेरचे अमृतवाहिनी ही १९८३ मध्ये सुरू झालेली अभियांत्रिकी महाविद्यालये शिर्डीकरांना जवळची आहेत. तरीही पुण्या-मुंबईतील शासकीय महाविद्यालय, एनआयटी किंवा वैद्यकीय प्रवेश थोडक्या गुणांनी हुकल्याची रुखरुख राहतेच. हा निर्णय भावनेच्या भरात घेण्यापेक्षा नियम समजून घेतलेला बरा. कारण प्रत्येक परीक्षेत फेरसंधीचा अर्थ वेगळा आहे.

कोणती परीक्षा किती वेळा?

'जेईई मेन' ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी २०१९ पासून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा घेते. सध्या तिची सत्रे जानेवारी व एप्रिलमध्ये होतात. विद्यार्थ्याने दोन्ही सत्रे दिली, तर त्यांतील अधिक चांगला एकूण स्कोअर गुणवत्ता क्रमांकासाठी धरला जातो. बारावी उत्तीर्ण झालेले वर्ष धरून लागोपाठ तीन वर्षे ही परीक्षा देता येते. आयआयटीसाठीच्या 'जेईई ॲडव्हान्स्ड'ची अट मात्र कडक आहे. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात. शिवाय ज्याने पूर्वी आयआयटीतील जागा स्वीकारली आहे, त्याला ही परीक्षा पुन्हा देता येत नाही.

राज्याच्या 'एमएचटी-सीईटी'ला संधींची अशी मर्यादा नाही. ही परीक्षा २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी दोनदा घेण्याचे राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानुसार पहिली परीक्षा आवश्यक, दुसरी ऐच्छिक आणि दोन्ही दिल्यास चांगले गुण ग्राह्य, असे सूत्र आहे. 'नीट'लाही संधींची मर्यादा नाही. मात्र ती वर्षातून एकदाच होते. त्यामुळे 'नीट' पुन्हा देणे म्हणजे वर्षभराची प्रतीक्षा.

गेल्या वर्षीचे गुण चालतील का?

चालणार नाहीत. देशातील प्रवेशासाठी या परीक्षांचे गुण त्या-त्या वर्षापुरतेच ग्राह्य असतात. पुन्हा बसलेल्या विद्यार्थ्याला यंदा कमी गुण पडले, तरी गतवर्षीचा स्कोअर पुढे करता येत नाही. अमेरिकेत 'सॅट' अनेकदा देऊन विषयवार सर्वोत्तम गुण एकत्र धरण्याची मुभा काही विद्यापीठे देतात. आपल्याकडे तशी सोय नाही. एका सत्रातील गणित आणि दुसऱ्यातील भौतिकशास्त्र अशी जुळवाजुळव करता येत नाही.

पर्सेंटाइलविषयीही गैरसमज असतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. ९० टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके वा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एक लाख परीक्षार्थी असतील, तर ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढेही सुमारे एक हजार जण असतात. म्हणून दुसऱ्या प्रयत्नात गुण वाढले, तरी इतरांचेही वाढले असल्यास क्रमांक जागचा हलत नाही.

गुण पोहोचतात कसे?

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे गुणपत्रिका घेऊन फिरावे लागत नाही. राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजेच 'कॅप'मध्ये, नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि पसंतीक्रम या पायऱ्यांतून प्रवेश होतो. एनआयटी व आयआयटीसाठी 'जोसा'कडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तेथे प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के) गुण किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान ही अट आहे. ज्याचे बारावीचे गुण कमी आहेत, त्याने केवळ 'जेईई'ची तयारी करून भागणार नाही. श्रेणीसुधार परीक्षेचाही विचार करावा.

वैद्यकीय प्रवेशात एक गंमत आहे. लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय शिर्डीच्या शेजारी असले, तरी ते अभिमत विद्यापीठाचे आहे. तेथील जागा राज्याच्या नव्हे, तर दिल्लीतील वैद्यकीय समुपदेशन समितीच्या फेऱ्यांतून भरल्या जातात. केवळ राज्याच्या प्रक्रियेत नाव नोंदवून थांबलेल्या विद्यार्थ्याला घराजवळची ही जागा मिळू शकत नाही.

कागदपत्रे पुन्हा तपासा

वर्षभर थांबलेल्या विद्यार्थ्यांची अडचण अनेकदा गुणांत नसून दाखल्यांत असते. नॉन-क्रीमिलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. गेल्या वर्षीचा दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहिल्यास ऐनवेळी आरक्षणाचा लाभ हातचा जातो. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, तर रिकामे वर्ष ते मिळवण्यासाठी वापरावे. खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्रही तयार ठेवावे.

मुलींच्या पालकांनी आणखी एक हिशेब करावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. हा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून नाही. महागड्या जागेपेक्षा 'कॅप'मधील साधी जागा अनेकदा हिताची ठरते.

निर्णय कसा घ्यावा?

परीक्षा पुन्हा देणे कमीपणाचे नाही. कधी कधी यंत्रणेवरही ती वेळ येते. २७ एप्रिल २०२५ च्या 'सीईटी'त गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्याने ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. मात्र, विद्यार्थ्याने स्वतःहून वर्ष घालवताना कारण नेमके असावे. आजारपण, अपुरा अभ्यासक्रम किंवा वेळेचे चुकलेले गणित ही कारणे दूर करता येतात. पूर्ण तयारीनंतरही गुण अपेक्षेपेक्षा फार खाली असतील, तर आणखी एक वर्ष हा उपाय असेलच असे नाही. शिकवणी, वसतिगृह आणि प्रवास यांचा खर्च, मुलाची मानसिक तयारी आणि त्याची स्वतःची इच्छा या तिन्ही गोष्टी कागदावर मांडाव्यात. मधला मार्गही आहे. उपलब्ध जागेवर प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा देता येते. आयआयटीची अट तेवढी लक्षात ठेवावी. घरातील चर्चेत मुलाचे म्हणणे शेवटी नव्हे, सर्वप्रथम ऐकावे. वर्ष त्याचे जाणार असते.