राखण पिकाची, तशीच मताची



उभ्या पिकात रानडुकरे शिरू लागली की आपण राखणीला एकटे जात नाही. चार घरची माणसे मिळून माळ्यावर बसतात. मताची राखणही अशीच करावी लागते. माझे काम बी-बियाण्याचे, खताचे. पण कृषी खात्यातल्या आम्हा लोकांनाही निवडणुकीची ड्यूटी लागते. त्या अनुभवातून हे सांगतो.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत मी एका आडगावच्या शाळेत मतदान अधिकारी होतो. बंदोबस्ताला काठीवाला एकच होमगार्ड. भर दुपारी जीप आली. पाच-सहा जण उतरले. हातात कुऱ्हाडी, एकाच्या खांद्याला बंदूक. "तुमची मतं झाली, घरी जा," असे रांगेला दरडावू लागले. आमच्या केंद्राध्यक्ष गुरुजींनी मतदान थांबवले, पेटीची फट बंद केली आणि कोतवालाला मागच्या बाजूने पोलिसांकडे पिटाळले. रांगेतल्या बायका मात्र हलल्या नाहीत. होत्या तिथेच खाली बसल्या. एक आजी म्हणाली, "आम्ही काही उठत नाही बाबा. तुला बसायचं तर तूही बस." पन्नास माणसांपुढे बंदूक उगारण्याची कुणाची छाती झाली नाही. जीप परतली, मतदान पुन्हा सुरू झाले. त्यानंतर बराच वेळ सही करताना माझा हात कापत होता, हे कबूल करतो.

मतदान केंद्र बळकावण्याचा रोग जुना आहे. १९५७ साली बिहारमधील बेगुसराय जिल्ह्यात रचियाही येथे तो प्रथम दिसला, असे सांगतात. १९८९ मध्ये त्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात खास कलम आले. मतदाराला धमकावून केंद्रावर जाऊ न देणे हाही त्याच कलमाखालचा गुन्हा आहे. शिक्षा एक ते तीन वर्षे. सरकारी नोकर सामील असेल तर तीन ते पाच. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ हत्यार घेऊन फिरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परवानाही जातो. म्हणून पीकसंरक्षणाची बंदूक असलेल्यांनीही ती त्या दिवशी बाहेर काढू नये.

आता मतदान यंत्र आहे. केंद्राध्यक्षाने 'बंद'चे बटण दाबले की यंत्र पुढे एकही मत घेत नाही. केंद्र बळकावले गेलेच, तर निवडणूक आयोग तिथे फेरमतदान घेऊ शकतो.

कर्मचाऱ्यांचा जीवही मोलाचा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी ३ पर्यंतच ठेवले होते आणि दुर्गम केंद्रांवर माणसे हेलिकॉप्टरने पोचवली होती.

तुम्ही काय करावे? आळीतल्या घरांनी मिळून सकाळीच निघावे. म्हाताऱ्यांना, लेकीसुनांना मध्ये घ्यावे. कुणी धमकावले तर वाद घालू नये. ११२ वर पोलिसांना कळवावे, केंद्राध्यक्षाला सांगावे. हाती स्मार्टफोन असेल तर 'सी-व्हिजिल'वर तक्रार करता येते. आणि "कुणाला मत दिलंस ते आम्हाला कळतं," असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. मत गुप्त असते.

भीती एकट्या घराला गाठते. रांगेतल्या गावाला ती सहसा गाठत नाही.