अर्धी पावती

घरसामानाची गाडी भरण्याआधी एकदा रिकामी काट्यावर चढवा. कळंबोलीत ट्रकच्या काट्यावर बसून पावत्या फाडणारा माणूस म्हणून हे मी भेटेल त्याला सांगतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं सामान. लोकांच्या हातात मात्र बहुतेकदा एकच पावती असते.

मे महिन्यात, शाळा संपल्यावर, कामोठ्याचं एक कुटुंब नागपूरला निघालं होतं. फोनवर सांगितलेलं वजन एक आणि गाडी भरल्यावर आलेलं दुसरंच. गाडीवाल्यांचा मुकादम म्हणाला, "वरचे पैसे द्या, नाहीतर गाडी हलणार नाही." पावती आमच्याच काट्याची, आकडाही खरा, पण रिकामं वजन मुकादमानं तोंडी सांगितलेलं. मी गाडीचं आरसी बुक मागवलं. त्यात रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं, आणि ते मुकादमाच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त निघालं. त्या घरातल्या ताईंना म्हटलं, "नागपुरात सामान उतरलं की हीच गाडी तिथल्या काट्यावर रिकामी चढवा आणि पावती घ्या."

रिकाम्या वजनाला टाकी कोरडी, भरलेल्या वजनाला टाकी फुल्ल, हा जुना खेळ आहे. शंभर लिटर डिझेल म्हणजे साधारण 83 किलो. केबिनमध्ये दोन हमाल बसले की आणखी सव्वाशे. सगळं तुमच्या गाद्या-भांड्यांच्या नावावर! म्हणून दोन्ही वेळा स्वतः हजर राहा. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ बघा. काट्याची दरवर्षी वैध मापन शास्त्र विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. ते प्रमाणपत्र खुशाल बघायला मागा.

जवळच्या अंतरावर, जसं वाशीहून पनवेलला, जाणाऱ्या सामानाचं वजन सहसा कुणी करत नाही. तिथे गाडीचा आकार, मजला आणि लिफ्ट यांवर ठोक भाव ठरतो. तो सामानाच्या यादीसह लेखी घ्यावा, इतकंच.

गाडी अडवून पैसे मागितलेच, तर बिलावर 'हरकत नोंदवून रक्कम देत आहे' असं लिहा आणि ऑनलाइन भरा. बिल जीएसटीचं, पक्कं हवं. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तुटफूट किंवा गहाळ सामानाची लेखी नोटीस, 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार, बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. हा मुद्दा फार जणांच्या हातून निसटतो, याचं मला वाईट वाटतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. नेरूळ-वाशी ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर-कामोठे रायगडात, म्हणजे अलिबागला. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या ठिकाणीही तक्रार करता येते. नागपूरला गेलेल्यांनी ती नागपुरातच करावी.