तिबोटी खंड्या आणि खारघरचे ओढे

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं नवी मुंबईच्या उंच इमारतींतून राहणाऱ्या कुटुंबांना एखादे दिवशीं पहांटे एक अनोळखी पाहुणा भेटतो. गॅलरीचें दार उघडावें, तों फरशीवर चिमणीहूनहि लहान असा एक पक्षी डोळे मिटून बसलेला! पोट हळदीसारखें पिवळें, डोकें नारिंगी व त्यावर जांभळी झांक, पाठ काळसर निळी, आणि चोंच व पाय पोंवळ्यासारखे तांबडे. कोणाच्या तरी पिंजऱ्यांतून सुटलेला परदेशी पक्षी असावा, असाच बहुतेकांचा तर्क होतो. तो चुकीचा आहे. हा तिबोटी खंड्या. कोंकणांत पावसाळ्यांत संसार मांडणारा, आणि रायगड जिल्ह्यानें आपला जिल्हापक्षी म्हणून मान दिलेला.

इतर बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटें असतात, याला तीनच. म्हणून हें नांव. लांबी चोंच धरून सुमारें १३ सेंटिमीटर. एवढ्याशा जीवानें मोसमी पावसाबरोबर रात्रीं प्रवास करावयाचा, आणि वाटेंत दिव्यांनीं उजळलेल्या कांचा यावयाच्या! कांच ही भिंत आहे हें पक्ष्याला उमगत नाहीं. टक्कर बसते व तो खालीं पडतो. त्याला जावयाचें असतें शहरापलीकडील ओढ्यावर.

खारघरास असे ओढे पुष्कळ. पनवेल तालुक्यांतील हें गांव, १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर आंखलेल्या नव्या शहराचा भाग झालें. एका अंगास खाडी व तिवरांचें रान, दुसऱ्या अंगास डोंगर. माथ्यावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत, आणि कड्यावरून पांडवकड्याचा धबधबा १०७ मीटर खालीं कोसळतो. वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडतो व ओढ्याओढ्यांनीं खाडीकडे धांवतो. हिवाळा सरतां सरतां बहुतेक ओढे कोरडे पडतात. परंतु कांठच्या जमिनींत ओल टिकते, आणि त्या ओलीवर उंबर, जांभूळ, करंज हीं झाडें दाटीनें वाढतात. माळावरचें गवत वाळून गेलेलें असावें, आणि तेथूनच दहा पावलांवर गर्द सावली लागावी, असा हा प्रकार आहे.

या सावलींत प्रत्येक पक्ष्याचा मजला वेगळा. उंबराच्या शेंड्यावर हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, फळें खात बसतो. मधल्या फांद्यांतून स्वर्गीय नर्तक लांब पांढरें शेपूट नाचवीत माश्या टिपतो. धबधब्याच्या तुषारांत, खडकाच्या कपारींत, शीळकरी कस्तूर घरटें बांधतो. पहांटे त्याची शीळ ऐकली कीं कोणी माणूसच रमतगमत चालला आहे असा भास होतो. आणि अगदीं खालीं, कांठाच्या मातीच्या पोटांत, तिबोटी खंड्याचें बिऱ्हाड!

खंड्या काड्यांचें घरटें बांधीत नाहीं. नर व मादी दोघें मिळून मातीच्या उभ्या कांठावर चोंचीचे प्रहार करून बीळ खोदतात. तें हातभर, कधीं मीटरभर लांब असतें, व त्याच्या शेवटीं एक रुंद कोठडी असते. अंडीं पांढरीं शुभ्र, बहुधा चार-पांच. सुमारें १७ दिवसांनीं पिलें बाहेर येतात आणि पुढील तीन आठवड्यांच्या आंत उडूं लागतात. खंड्या म्हणजे मासे खाणारा, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु या पिलांच्या तोंडीं सापसुरळ्या, बेडूक, कोळी, नाकतोडे आणि लहान खेंकडे हेंहि पडतें. म्हणजे या पक्ष्याला ओढ्याच्या पाण्याइतकीच झाडाखालीं कुजणाऱ्या पाल्याचीहि गरज आहे. हें सगळें भक्ष्य पावसांतच विपुल, म्हणून भर पावसांत संसार. एखाद्या रात्रीं ओढा फुगून बिळांत पाणी शिरलें, तर जोडपें पुन्हां आरंभापासून खोदूं लागतें.

अडचण आहे ती या कांठाची. शहर वाढलें कीं ओढ्याचा नाला होतो. पाणी तुंबूं नये म्हणून कांठ तासून त्यांना दगडी वा सिमेंटचें अस्तर करितात. मेअखेर गाळ काढणारें यंत्र कांठहि खरवडून नेतें. अभियंत्यांची बाजू अगदींच खोटी नाहीं; भरतीचें पाणी चढणाऱ्या शहरांत पावसाचें पाणी वाहून जावयासच हवें. परंतु डोंगराच्या पायथ्याशीं, वस्तीच्या वरच्या अंगास, जेथें घरांना भय नाहीं, तेथपर्यंत तें अस्तर नेण्याचें प्रयोजन कळत नाहीं. सिमेंटांत चोंच शिरत नाहीं. पुढें त्याच जागीं रोपें लावण्याचा समारंभ केला, तर हरियालास कित्येक वर्षांनीं फळ मिळेलहि. खंड्यास मात्र कांहींच मिळावयाचें नाहीं.

पनवेलपासून जवळच कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य आहे. १९६८ सालीं तें झालें तेव्हां त्याचें क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांच्या आंत होतें. २००३ सालीं तें १२.११ झालें. तेथील ओढ्यांवर खंड्याला आसरा आहे, तसा उपद्रवहि आहे, आणि तो त्याच्या चाहत्यांचा! बिळासमोर पांच-सहा छायाचित्रकार कॅमेरे रोखून बसले कीं चोंचींत सापसुरळी धरलेला पक्षी फांदीवर ताटकळत राहतो व पिलें आंत उपाशी. छायाचित्र अर्थात् फार सुंदर येतें. पांडवकड्यावर माणसें बुडून दगावल्यामुळें पावसाळ्यांत प्रवेशबंदी लावण्यांत येते. ती माणसांच्या जिवासाठीं असली तरी तिचा लाभ कस्तुरास व खंड्यास आपोआप मिळतो.

आतां गॅलरींत पडलेल्या पाहुण्याविषयीं. त्याच्या चोंचींत पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. पुठ्ठ्याच्या खोक्यास भोंकें पाडून, तळाशीं फडकें घालून, त्यांत त्याला अलगद ठेवावें व झांकण लावावें. खोकें शांत, अंधाऱ्या जागीं ठेवावें, आणि मुलांना कितीहि उत्सुकता असली तरी तें वारंवार उघडूं देऊं नये. बहुधा तास-दोन तासांत तो सावध होतो. मग झाडांजवळ नेऊन खोकें उघडावें. हातानें वर उडवूं नये. पंख लोंबत असल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. त्याला घरीं पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत रात्रीं गॅलरीचे दिवे मालवून पडदे ओढून घेतले, तर टक्कर टळण्याचाच संभव अधिक.

सावध झालेला खंड्या खोक्याच्या कडेवर क्षणभर बसतो, बारीक चिरक्या स्वरांत एकदां ओरडतो, आणि जमिनीलगत सरळ रेषेंत निघून जातो. भाद्रपद सरेपर्यंत बहुतेक पिलें उडालेलीं असतात. आश्विनांत ओढ्याचें पाणी उतरूं लागतें, आणि तोहि दिसेनासा होतो.