'ब्लॅक सिलिकॉन' म्हणजे काय? सोलर सेल जितका काळा, तितकी वीज जास्त?

गच्चीवरचं सोलर पॅनल निळसर किंवा काळपट दिसतं. पण ज्या सिलिकॉनपासून ते बनतं, ते मुळात चकचकीत राखाडी असतं. गुळगुळीत सिलिकॉन अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतं. परत गेलेल्या प्रकाशातून वीज मिळत नाही.

प्रकाश परत का जातो?

हवेचा अपवर्तनांक जवळपास १, तर सिलिकॉनचा साडेतीनच्या वर. माध्यम असं एकदम बदललं की प्रकाशाचा मोठा हिस्सा सीमेवरूनच माघारी फिरतो. यावर कंपन्या दोन उपाय करतात. रसायनाने पृष्ठभागावर सूक्ष्म पिरॅमिड कोरतात आणि त्यावर सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात. निळी झाक येते ती या थरामुळे.

ब्लॅक सिलिकॉन वेगळं कसं?

यात पृष्ठभागावर अतिसूक्ष्म सुयांचं जंगल उभं केलं जातं. १९९०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांच्या गटाने सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत सिलिकॉनवर लेझरचे अतिलघु झोत सोडले आणि ते काळंकुट्ट झालं. आता आम्ल किंवा प्लाझ्मा वापरूनही हे करता येतं.

सुया प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक असतील, तर प्रकाशाला त्या सुट्या सुट्या जाणवत नाहीत. टोकाशी हवा जास्त, बुडाशी सिलिकॉन जास्त. त्यामुळे माध्यम हळूहळू बदलतं आणि परावर्तन १ टक्क्याच्याही खाली येऊ शकतं. पतंगाच्या डोळ्यावरही असेच उंचवटे असतात, म्हणून त्याच्या डोळ्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश कमी परावर्तित होतो.

मग अडचण कुठे आहे?

सुयांमुळे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन याच पृष्ठभागावरच्या दोषांत अडकून वाया जातात. म्हणजे प्रकाश आत आला, पण वीज बाहेर पडली नाही.

२०१५मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या हेले सावीन यांच्या गटाने बार्सिलोनातल्या संशोधकांसोबत यावर तोडगा काढला. सुयांवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढवला आणि विजेच्या जोडण्या मागच्या बाजूला नेल्या. त्या सेलची कार्यक्षमता २२.१ टक्के भरली.

प्लाझमॉनिक्सचा काय संबंध?

चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर प्रकाश पडला की त्यांतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात. असे कण प्रकाश तिरपा विखुरतात, त्यामुळे पातळ सिलिकॉनमध्येही त्याचा मार्ग लांबतो. लाल आणि अवरक्त प्रकाश सिलिकॉन सावकाश शोषतं, म्हणून हे महत्त्वाचं. पण धातू स्वतःही थोडा प्रकाश गिळतो आणि त्याची उष्णता होते.

थोडक्यात, काळेपणा म्हणजे फक्त प्रकाश आत शिरल्याची खूण. पॅनल घेताना रंगापेक्षा त्यावर छापलेले वॅट आणि कार्यक्षमतेचा आकडा पाहणं चांगलं.