अवजाराचा मालक आणि घामाचा धनी

बैलजोडी सावकाराकडे गहाण पडली की पीक कोणाच्या घरात जाणार, हे कष्टकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाच्या युगात हे चित्र पालटेल, अशी ग्वाही देण्यात आली होती. एक संगणक आणि शाबूत डोके असले की कोणीही निर्माता होईल, मधला मालक संपेल, असे सांगितले गेले. ही ग्वाही कितपत खरी, हे पाहायचे असेल तर गेम बनवणाऱ्या लहान मंडळींची अवस्था पाहावी. पोरांचा खेळ म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करू नये. प्रश्न श्रमाचा आहे आणि श्रमाच्या साधनाचा आहे.

गेम बनवण्यासाठी इंजिन लागते. पडद्यावर चित्र हलवणे, चेंडू भिंतीवर आदळला की उसळवणे, आवाज उमटवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे करणारी ती तयार यंत्रणा असते. दोन-चार जणांच्या चमूने ती मुळापासून घडवायची तर कित्येक वर्षे त्यातच जातील. म्हणून लहान विकसक कंपनीचे इंजिन परवान्यावर घेतो. या बाजारात दोन नावे मोठी आहेत, युनिटी आणि अनरियल.

सुरुवातीला दोघांचेही दार उघडे असते. युनिटीचा प्राथमिक परवाना फुकट आहे. मात्र वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेले की प्रत्येक काम करणाऱ्यामागे वेगळा सशुल्क परवाना घ्यावा लागतो. २०२५ च्या आरंभी त्याचा दर वर्षाला २,२०० डॉलर झाला, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांहून अधिक. अनरियल पहिल्या १० लाख डॉलरच्या उत्पन्नावर काही मागत नाही. त्यापुढच्या कमाईवर मात्र ५ टक्के रॉयल्टी घेते. अनरियलची मालक असलेली एपिक कंपनी स्वतःचे गेमचे दुकानही चालवते. २०२५ पासून त्या दुकानात पहिल्या दिवसापासून गेम ठेवणाऱ्याला रॉयल्टी साडेतीन टक्के, अशी सवलत आहे. म्हणजे अवजार ज्याचे, बाजारही त्याचाच!

हे दर परवडतात की नाही, यावर वाद घालता येईल. परंतु खरा धोका दरात नाही. तो दर कधीही बदलण्याचा अधिकार एकट्या मालकाच्या हाती आहे, यात खरा धोका आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तो साऱ्या जगाने पाहिला. त्या दिवशी युनिटीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक मर्यादा ओलांडलेला गेम कोणी नव्याने आपल्या यंत्रावर उतरवला की दर वेळी बनवणाऱ्याने शुल्क भरावे. फुकट परवानाधारकांसाठी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतील दर होता २० सेंट. शिंप्याने भाड्याच्या मशीनवर सदरा शिवावा आणि तो सदरा नव्या माणसाच्या अंगावर चढला की दर वेळी मशीनवाल्याने हात पसरावा, असा हा न्याय! मर्यादा ओलांडलेला, फुकट वाटला जाणारा गेम एका वर्षात अशा देशांत आणखी १० लाख यंत्रांवर उतरला, तर देणे २ लाख डॉलर. त्या प्रत्येक उतरवणीतून कमाई झाली की नाही, याच्याशी कंपनीला कर्तव्य नव्हते. शिवाय आधीच बाजारात असलेले गेमही या कचाट्यात येणार होते. करार बदलला तरी जुन्या आवृत्तीवर जुन्या अटींनी काम करता येईल, असा शब्द याच कंपनीने २०१९ मध्ये दिला होता. तो शब्द वाऱ्यावर गेला.

विकसक मात्र गप्प बसले नाहीत. जगभरातून निषेध झाला. अनेक मोबाईल गेम कंपन्यांनी आपल्या गेममधील युनिटीच्या जाहिराती बंद केल्या. कंपनीची मोठी मिळकत जाहिरातींतूनच येते, हे त्यांना ठाऊक होते. घाव वर्मी बसला. दहाच दिवसांत कंपनी नरमली. फुकट परवानाधारकांना शुल्कातून वगळण्यात आले आणि इतरांसाठी उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांची कमाल मर्यादा आली. ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचितिएलो पायउतार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्णपणे रद्द झाले, पण त्याच घोषणेत सशुल्क परवान्याचा दर ८ टक्क्यांनी वाढवण्यात आला. मालक एका दाराने गेला आणि दुसऱ्याने परतला.

मग उपाय काय? तो अर्जेंटिनातून आला आहे. हुआन लिनियेत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी घडवलेले गोडो हे इंजिन २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याला ना शुल्क, ना रॉयल्टी. कोणीही त्याची संहिता वाचावी, बदलावी, तिच्यावर गेम बनवून विकावा. दिलेला परवाना उद्या कोणी परत घेऊ शकत नाही. २०२३ च्या त्या वादळात ‘टेरारिया’ हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने गोडोला १ लाख डॉलरची देणगी दिली आणि दरमहा मदतही सुरू केली.

अर्थात, गोडोही आपोआप चालत नाही. त्याची देखभाल देणग्यांवर आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते. प्लेस्टेशन किंवा निन्टेंडोच्या यंत्रांवर गेम न्यायचा तर बाहेरची मदत घ्यावी लागते आणि तिला खर्च येतो. सामायिक विहिरीचा गाळ सर्वांनी मिळून काढायचा असतो. पाणी भरायला सगळे आणि गाळ काढायला कोणी नाही, असे झाले तर तीही आटेल.

संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. युनिटी शिकावी, अनरियल शिकावे, त्यावर नोकरी मिळत असेल तर जरूर करावी. पण स्वतःची निर्मिती उभी करताना करार वाचावा, दराबरोबर तो दर बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे पाहावे, आणि एक तरी खुले अवजार हाताशी ठेवावे. युनिटीला माघार घ्यायला लावली ती एकजुटीने. परंतु दर वेळी लढून माघार घ्यायला लावण्यापेक्षा अवजारच आपल्या सर्वांच्या मालकीचे असणे केव्हाही अधिक भरवशाचे.